पन्नास फरशा

आमच्या इस्पितळात मला मीटरबाई म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण वॉर्डातल्या मावशींपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच नाव आहे हे मला ठाऊक आहे. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. एकवीस वर्षं एकाच कामात घालवल्यावर माणसाच्या पदरात आणखी काय पडणार?

माझं काम दिसायला अगदी सोपं. ज्यांचं हृदय दमलंय अशा माणसांना मी चालवते. पहिल्या मजल्यावरचा लांब बोळ, दोन टोकांना दोन केशरी शंकू, मधे अंतर तीस मीटर. पेशंटने सहा मिनिटं त्या शंकूंना वळसे घालत जायचं-यायचं, झेपेल तसं, दम लागला तर भिंतीला टेकायचं, आणि सहा मिनिटांत तो किती मीटर चालला ते मी लिहायचं. बस्स, एवढंच. पण ह्या एवढ्याशा कामात माणसं काय काय घोळ घालतात ते मी पाहिलंय. पेशंटच्या बरोबरीनं चालायचं नसतं, कारण तो तुमच्या पावलाशी पाऊल जुळवायला बघतो. त्याला हुरूप द्यायचा नसतो, त्याच्याशी गप्पा मारायच्या नसतात. दर मिनिटाला ठरलेलं वाक्य म्हणायचं, "छान चाललंय, अजून पाच मिनिटं आहेत," मग चार, मग तीन, आणि तेही एकाच सुरात. एका सहकारी मुलीनं एकदा "शाब्बास आजोबा, अजून थोडं ताणा" असं म्हटलं, तर मी तिला चारचौघांत असं झापलं की ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. माझा नवरा म्हणतो, ही काकडीसुद्धा पट्टी लावून चिरते.

गेल्या वर्षी आमच्याकडे एका पावडरीचा अभ्यास सुरू झाला. अमिनो आम्लांची पावडर, म्हणजे शरीर ज्यांच्यापासून स्नायू बनवतं ते घटक, पाकिटात भरलेले. हृदय कमजोर झालं की माणूस हळूहळू चालणं सोडतो, आणि चालणं सुटलं की पायांचे स्नायू झिजतात. मग चार पावलांत बसावं लागतं ते हृदयामुळे की पायांमुळे, हे त्याचं त्यालाही कळत नाही. हृदय काही लगेच दुरुस्त होत नाही, निदान पायांना तरी खाऊ घालून बघू, असा आमच्या मोठ्या डॉक्टरांचा विचार. रोज दोन पाकिटं पाण्यात ढवळून, बारा आठवडे. निम्म्या लोकांना खरी पावडर, निम्म्यांना तशीच दिसणारी, तशीच कडवट, पण बिनकामाची. कुणाला कोणती हे पेशंटला माहीत नाही, डॉक्टरांना नाही आणि मलाही नाही. सुरुवातीला एकदा चालवायचं, बारा आठवड्यांनी पुन्हा चालवायचं. तीस मीटरच्या वर वाढ झाली तर ती खरी सुधारणा धरायची, असं आमच्या कागदावर लिहिलेलं होतं. म्हणजे सगळी भिस्त माझ्या बोळावर होती.

मिस्त्री ह्या अभ्यासात आले ते उन्हाळ्याच्या सुरुवातीला. सहासष्ट वर्षांचे, उभा जन्म दारं-खिडक्या करण्यात गेलेला, हाडापेराने दणकट, आणि आता एक जिना चढायचा तर मधल्या पायरीवर बसणारे. कागदावर त्यांचं नाव होतं, पण मी त्यांना मिस्त्री म्हणायची आणि ते मला ताई. पहिल्याच दिवशी बोळात पाऊल टाकलं आणि मला म्हणाले की तुमच्या एक्स-रेच्या खोलीचं दार चौकटीत अर्धा सूत तिरकं बसलंय. मी म्हटलं, मिस्त्री, तुम्ही चालायला आलाय की दारं बघायला? तर म्हणे, डोळे काय घरी काढून ठेवू? मी पट्टी आणून पाहिलं नाही, पण तेव्हापासून ते दार मला तिरकंच दिसायला लागलं.

त्या दिवशी ते तीनशे सहा मीटर चालले. मधे एकदा भिंतीला हात लावून थांबले, माझ्याकडे बघून ओशाळं हसले, पुन्हा निघाले. चालून झाल्यावर खुर्चीत बसले, दम खाल्ला आणि म्हणाले, "तुमचं बरं आहे ताई. एक वाक्य पाठ केलं की नोकरी निभावली." मला हसू आलं. पेशंटच्या बोलण्यावर हसायची मला सवय नव्हती.

त्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लोंबकळत होती. मोठे डॉक्टर त्यांच्या छातीत एक मशीन बसवायचं म्हणत होते. गळ्याच्या हाडाखाली कातडीत ठेवायचं, त्याच्या तारा हृदयात सोडायच्या, म्हणजे हृदयाच्या दोन्ही बाजू एका तालात आकुंचन पावतात. डॉक्टर म्हणाले होते की बारा आठवडे पावडर घेऊन बघा, चालणं सुधारलं तर मशीनचं थोडं पुढे ढकलू, नाही सुधारलं तर लगेच बसवू. मिस्त्रींना मशीनची भीती नव्हती, लाकडात खिळा ठोकतात तसंच ते, असं ते म्हणायचे. घाबरायच्या त्या काकू, म्हणजे त्यांची बायको. त्यांची सख्खी बहीण कुठल्याशा ऑपरेशनला गेली ती टेबलावरून परत आली नव्हती. कापाकापीचं नाव काढलं की काकूंचे हातपाय गार पडायचे.

काकूंनी मग सगळा जीव त्या पावडरीत घातला. दर पंधरा दिवसांनी रिकामी पाकिटं परत आणायची असत, मोजायला. बाकीचे लोक ती पिशवीत कोंबून आणत. काकू एकेक पाकीट धुऊन, पुसून, सपाट करून दहा-दहाच्या गड्ड्या बांधून आणत. मी एकदा म्हटलं, काकू, एवढं कशाला करता? तर मिस्त्री मधेच म्हणाले की तिला वाटतं पाकिटं नीट दिली तर आतली पावडर खरी निघेल.

मिस्त्रींच्या सातव्या आठवड्यात बोळाची फरशी बदलली. जुनी फरशी फुटली होती, चाकाच्या खुर्च्या अडकत होत्या. चार दिवस धूळ आणि ठोकाठोक, आणि पाचव्या दिवशी गुळगुळीत राखाडी बोळ. माझ्या तीस मीटरच्या लाल खुणा जुन्या फरशीबरोबर गेल्या. मी वाकून नवी एक फरशी मोजली. साठ सेंटीमीटर. पन्नास फरशा म्हणजे तीस मीटर, ह्याला गणित लागत नाही. मी एक्स-रेच्या दारापासून पन्नास फरशा मोजल्या, पुन्हा उलट्या बाजूने मोजल्या आणि दोन्ही टोकांना खुणा केल्या. मोठा टेप काढला नाही. टेप कपाटात होता, कपाटाची किल्ली खालच्या मजल्यावर होती, आणि फरशी मोजून झाली म्हटल्यावर पुन्हा टेप कशाला, असं मला वाटलं. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी त्याची सालटी काढली असती.

त्यानंतर ज्यांचे ज्यांचे बारा आठवडे भरले, त्या सगळ्यांचे आकडे वाढले. कुणाचे बावीस मीटर, कुणाचे पस्तीस, एका शिक्षिकेचे तर एक्केचाळीस. मोठे डॉक्टर रोज संध्याकाळी बोळात येऊन माझी वही बघायला लागले. निम्म्यांची पावडर खोटी आहे हे आम्हाला माहीत होतं, तरी सगळेच कसे वाढतायत हा प्रश्न डोक्यात यायला हवा होता. तो आला नाही. आनंदात माणूस बेरीज करतो, वजाबाकी करत नाही.

मिस्त्रींचा दिवस आला तो त्यातच. सकाळी साडेनऊला आले, अंगात इस्त्रीचा शर्ट, बरोबर काकू. काकू बाहेर बाकावर बसल्या. मी रक्तदाब घेत होते तेव्हा मिस्त्री हळूच म्हणाले की घरातलीचं दोन दिवस जेवणावरचं मन उडालंय, आज आकडा वाढला नाही तर चिरफाड आलीच, मग मी घरी तोंड कसं दाखवू? ते थट्टेनेच बोलले. आणि मी, जिनं एका "शाब्बास"वरून एका मुलीला चारचौघांत झापलं होतं ती मी, पट्टा सोडता सोडता बोलून गेले, "वाढेल हो मिस्त्री. काळजी करू नका."

असं मी कधी कुणाला म्हटलं नव्हतं. त्या आठवड्यात मी खूश होते, दुसरं काही नाही. त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि ते उठले.

ते चालले. जाताना-येताना नजर नेहमीसारखी इकडेतिकडे फिरत होती. तिसऱ्या फेरीला लांबच्या टोकाशी वळताना ते क्षणभर रेंगाळले, खाली पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी माझं वाक्य म्हटलं, छान चाललंय, अजून चार मिनिटं आहेत. त्यांनी मान हलवली. सहा मिनिटं झाली तेव्हा तीस-तीस मीटरच्या अकरा फेऱ्या आणि वर बारा फरशा झाल्या होत्या. तीनशे सदतीस मीटर. तीनशे सहा वजा केले तर एकतीस. तीसच्या वर एक.

मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत आम्ही तिघं होतो. डॉक्टरांनी आकडा पाहिला, खूश झाले, मिस्त्रींच्या पाठीवर थाप मारली आणि विचारलं की तुम्हाला स्वतःला कसं वाटतंय? मिस्त्रींनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, बरं वाटतंय. डॉक्टर म्हणाले, मग मशीनचं तीन महिन्यांनी बघू. बाहेर काकूंनी माझे दोन्ही हात हातात घेतले. तो दिवस मला फार चांगला गेला.

बरोबर दोन आठवड्यांनी आमच्याकडे नव्याने आलेली एक मुलगी म्हातारी माणसं दहा मीटर किती वेळात चालतात ते मोजायला बोळात आली. तिने लांबच्या टोकापासून टेप टाकला आणि मला म्हणाली की दहा मीटरमध्ये वीस फरशा बसतायत. मी म्हटलं, सोळा आणि थोड्या बसायला हव्यात, तुझा टेप जुना असेल, ताणला असेल. तिने मुकाट्याने टेप माझ्या हातात दिला. तो पोलादी होता, ताणायचा प्रश्नच नव्हता. मी गुडघ्यावर बसले आणि एक फरशी मोजली. पन्नास सेंटीमीटर. शेजारची मोजली, पन्नास. मग मी बोळभर रांगत गेले. मधल्या सांध्यापर्यंत सगळ्या फरशा साठच्या आणि सांध्यापलीकडे सगळ्या पन्नासच्या. एकच रंग, एकच चकाकी. खाली भांडारात विचारलं तर त्यांनी सांगितलं, साठची संपली म्हणून पुढे पन्नासची लावली, कुणाला कळणार आहे?

माझे तीस मीटर साडेसत्तावीस निघाले. मी खोलीचं दार लावून घेतलं आणि नव्या बोळात चाललेल्या अकराही जणांचे आकडे पुन्हा मांडले. शिक्षिकेचे एक्केचाळीस घटून अकरा झाले. मिस्त्रींचे खरे मीटर निघाले तीनशे साडेआठ. बारा आठवड्यांत अडीच मीटर. म्हणजे काहीच नाही. म्हणजे मशीन लगेच बसवायला हवं होतं.

आता इथे मला थांबता येत नाही, कारण ह्याच्या पुढचं मी जे केलं ते चुकीत बसत नाही. फरशी ही चूक होती. पुढचं जे झालं ते मी केलं.

त्या दिवशी मोठे डॉक्टर परगावी होते, सोमवारी येणार होते. फोन करता आला असता. मी ठरवलं, सोमवारी समोरासमोर सांगू. सोमवारी सकाळी सगळ्यांची बैठक होती. डॉक्टरांनी पडद्यावर आलेख लावला आणि सगळ्यांसमोर म्हणाले की एवढी काटेकोर मोजणी दुसऱ्या कुठल्या इस्पितळात होत असेल असं मला वाटत नाही. लोक माझ्याकडे वळून हसले. मी पण हसले. मग म्हटलं, बैठक झाली की सांगू. मग म्हटलं, उद्या सकाळी, आधी सगळं नीट लिहून काढते. मी लिहून काढलं, तो कागद पिशवीत घातला आणि पिशवी रोज घरी नेली आणि परत आणली. नव्या मुलीला मी सांगितलं की मी बघते काय ते. ती माझ्या हाताखालची, ती काय बोलणार? आणि तीन महिन्यांनी तर मशीनचं पुन्हा बघणारच आहेत, अशी मी स्वतःची समजूत घालत होते. एकवीस वर्षांचं नाव एका कागदाने जाणार होतं. मला माझ्या नावाची पडली होती, हे आता सरळ सांगते.

त्या दिवसांत मिस्त्री एकदा औषधं न्यायला आले. मी त्यांना बोळाच्या टोकाला पाहिलं. बुटांच्या नाड्या सुटलेल्या होत्या, बांधायला विसरलेले नव्हे, पाय सुजून बुटांत मावत नव्हते म्हणून सोडलेल्या. असे पाय मी हजारदा पाहिलेत. त्यांनी हात केला. मी जवळ जाऊन विचारलं, कसं काय मिस्त्री? ते म्हणाले, चाललंय. मी म्हटलं, पायांवर सूज दिसतेय, डॉक्टरांना दाखवा. ते म्हणाले, दाखवतो, पुढच्या वेळी दाखवतो. त्यांना हाताला धरून मी डॉक्टरांच्या खोलीत नेऊ शकले असते. तिथे गेले तर डॉक्टर वही काढणार, वहीत एकतीस मीटर दिसणार आणि डॉक्टर मला विचारणार, असं माझ्या मनात आलं. मला फोन आलाय असं सांगून मी खोलीत गेले. फोन आला नव्हता.

टेप टाकल्यापासून नवव्या दिवशी मिस्त्री वॉर्डात दाखल झाले. फुप्फुसांत पाणी भरलं होतं. सकाळी मला कळलं आणि दुपारी मी गेले, पिशवीतला कागद घेऊन. उशांना टेकून बसवलेले होते, नाकाला नळी, तोंड उतरलेलं. काकू औषध आणायला खाली गेल्या होत्या. मी खुर्ची ओढून बसले. मिस्त्री, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय, एवढं वाक्य मी जिन्यात चार वेळा म्हणून पाहिलं होतं. ते म्हणायच्या आधीच त्यांनी हात वर केला.

"ताई, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका," ते म्हणाले. दर दोन शब्दांमागे थांबत बोलत होते. "मी कुणाला बोललो नाही. घरातली सोडून कुणालाच नाही."

मी विचारलं, काय बोलला नाहीत?

"शंकूचं. पलीकडच्या फरशा लहान आहेत ते मला तिसऱ्या फेरीलाच दिसलं. बारा हजार दारं केलीत मी, चार बोटांचा फरक मला दिसणार नाही होय? म्हटलं, ताई एवढ्या काटेकोर, त्यांच्या नजरेतून हे सुटायचं नाही. म्हणजे मुद्दाम केलंय. सकाळी म्हणालात ना, वाढेल, काळजी करू नका. तेव्हाच समजायला हवं होतं मला." ते थोडं हसले. "आमच्या हिच्यासाठी केलंत तुम्ही. नोकरी पणाला लावून कोण करतं कुणासाठी?"

ते दम घेऊन पुढे म्हणाले की गेले काही दिवस जास्तच त्रास व्हायला लागला, तेव्हा वाटलं होतं, डॉक्टरांना खरं सांगावं, मशीन बसवून टाकावं. पण खरं सांगायचं तर आकडा खोटा आहे हे सांगायला लागणार. मग तुमचं काय झालं असतं? माझ्यापायी तुमच्या पोटावर पाय आला असता. म्हटलं, काढू तीन महिने.

कागद माझ्या मांडीवर होता, चार घड्या घातलेला. मी उघडला असता तर त्यांना कळलं असतं की कुणी त्यांच्यासाठी काही केलं नव्हतं. एक बाई किल्ली आणायला खालच्या मजल्यावर गेली नाही, आणि मग नऊ दिवस तोंड मिटून बसली, एवढंच झालं होतं. ते ज्या उपकाराखाली दबून गप्प राहिले, तो उपकार झालाच नव्हता. हे कळण्याचा त्यांना हक्क होता. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "तुमचे उपकार आहेत, ताई."

"असू दे," मी म्हणाले.

तिथून मी सरळ मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांनी कागद दोनदा वाचला. मला वाटलं ते ओरडतील. ते फक्त म्हणाले, "नऊ दिवस?" मग फोन उचलून त्यांनी मशीनसाठी विचारणा केली. पण तोवर मूत्रपिंडंही मंदावली होती, आधी प्रकृती थाऱ्यावर यायला हवी होती, आणि ती आली नाही. पाचव्या दिवशी दुपारी मिस्त्री गेले. त्या पाच दिवसांत मी तीनदा वॉर्डाच्या दारापर्यंत गेले. आत काकू असायच्या, किंवा ते झोपलेले असायचे, किंवा जागे असायचे आणि माझी हिंमत व्हायची नाही. डॉक्टर मला म्हणाले की मशीन वेळेवर बसवलं असतं तरी काय झालं असतं ते सांगता येत नाही. ते खरंच असेल. माझी समजूत काढण्यासाठी बोलणारा तो माणूस नाही.

अभ्यासातले अकरा आकडे रद्द झाले. उरलेल्या आकड्यांवरून पावडरीचं काही ठरवता येईना, म्हणून आता सगळं पहिल्यापासून करायचं चाललंय, आणि टेपने मोजलेल्या नव्या खुणांवर ती नवी मुलगी माणसं चालवते. माझी चौकशी झाली. नोकरी गेली नाही. एक लेखी समज मिळाली, अर्ध्या पानाची. ज्यासाठी मिस्त्री गप्प राहिले त्याची किंमत तेवढी होती.

महिन्याने मी काकूंकडे गेले. त्यांच्या घराचा जिना एकच, पण मधल्या पायरीवर माझेही पाय थांबले. त्यांनी मला बघितलं आणि डोळ्यांना पदर लावला, आत बसवलं, पाणी दिलं. मी काही राखून ठेवलं नाही. फरशी, किल्ली, नऊ दिवस, सुटलेल्या नाड्या, नसलेला फोन, सगळं सांगितलं. मला वाटत होतं, त्या मला शिव्या देतील, घराबाहेर काढतील, आणि मग मला थोडं हलकं वाटेल. काकू मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "हे त्यांना सांगितलं होतंत?"

मी म्हटलं, नाही.

काकू म्हणाल्या, "इस्पितळात नेताना गाडीत मला म्हणाले होते, आपलं नशीब मोठं, परक्या बाईनं आपल्यासाठी एवढं केलं. मी रोज तेच आठवत होते. त्यांना नाही सांगितलंत, मग मला कशाला सांगितलंत?"

मी पाण्याचा पेला खाली ठेवला. तो अजून भरलेलाच होता. काकूंनी उठून माझ्यासाठी दार उघडलं.